एका पायापुरता ठोकळा

मित्रांनो, मी लाकडाचा एक जुना ठोकळा आहे. वीतभर उंच, वरून सपाट, खाली दोन पट्ट्या ठोकलेल्या. माझ्यावर कुणी बसत नाही की चढून उभं राहत नाही. माझ्यावर फक्त एक पाय ठेवतात. दुसरा पाय जमिनीवरच असतो. एवढ्याशा कामासाठी मला बनवलं, हे ऐकून तुम्हाला संशय येईल. येऊ द्या. मलाही आला होता.

मी स्वभावानेच संशयी आहे. लाकडाला तसं राहावंच लागतं. पाणी दिसलं की वाटतं, मला फुगवायला आलंय. एक मुंगी दिसली की वाटतं, हिच्यामागे वाळवी असणार. पण ज्या दुकानात माझं आयुष्य गेलं, तिथे माझ्याहून संशयी अशी दोघं होती. एक दुकानाचे मालक. दुसरी त्यांच्या बायकोची कंबर.

दुकान इस्त्रीचं. मालक पुढे बसून कपडे घेत आणि देत. घेताना प्रत्येक खिसा उलटा करून बघत, नोट उजेडात धरून बघत, दूध चहात घालायच्या आधी हुंगून बघत. गिऱ्हाइकं त्यांना मागून ‘फौजदार’ म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. इस्त्री काकूंची. त्यांच्या हातची कॉलर अशी बसायची की घालणारा माणूस आपोआप ताठ चालायचा. आतल्या बाजूचं ते लांब टेबल म्हणजे काकूंचं राज्य. तिथे फौजदारांचंही काही चालत नसे.

मग काकूंची कंबर दुखायला लागली. त्या कुठे पडल्या नव्हत्या, त्यांनी काही जड उचललं नव्हतं. दुखायला लागली आणि थांबेचना. फोटो काढले, तपासण्या झाल्या. गोळ्यांनी पोटात आग पडायची आणि कंबर होती तिथेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखं काही नाही, ऑपरेशन करण्यासारखंही काही नाही.

“काही नाही म्हणजे काय?” फौजदार म्हणाले. “काही नाही तर दुखतं कशाने?”

त्यांची मोठी बहीण आली होती. ती म्हणाली, “अरे, कामाचा ढीग आला की दुखते. माहेरी जायचं म्हटलं की बघ कशी पळते ती.”

काकू म्हणाल्या, “वन्सं, दोन दिवस तुम्हीच न्या ना माझी कंबर. वापरून बघा आणि परत आणून द्या.”

त्यावर सगळे हसले. फौजदार हसले नाहीत. ते काकूंकडे बघत राहिले, खोट्या नोटेकडे बघावं तसं.

डॉक्टरांनी काकूंना व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. तिथे काय झालं ते काकू पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, त्यामुळे मला ते पाठ आहे. फौजदार हाताची घडी घालून कोपऱ्यात बसले होते.

“यात औषध कुठलं?” त्यांनी विचारलं.

“कुठलंच नाही.”

“सुई?”

“नाही.”

“मग तुम्ही करणार काय?”

बाई म्हणाल्या, “काका, यांची कंबर मोडलेली नाही. ती संशयी झालीय. आधी कधीतरी दुखावली असेल. आता साधं वाकलं तरी ‘चोर, चोर’ म्हणून ओरडते. ओरडणं खरं आहे, दुखणंही खरं आहे. पण चोर नाही. आपल्याला तिचा विश्वास परत मिळवायचाय, हळूहळू.”

त्यांनी काकूंना रोज थोडं चालायला सांगितलं. अंथरूण धरून राहू नका म्हणाल्या. कळ आली की श्वास रोखू नका, लांब सोडा. टेबलाशी उभं राहताना एक पाय कशावर तरी ठेवा, थोड्या वेळाने पाय बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दुखायची वाट बघू नका, त्याच्या आधीच थांबा. बरं वाटत असलं तरी थांबा.

‘कशावर तरी’ म्हणजे मी.

शेजारी सुतार होता. एका दाराच्या चौकटीतून उरलेलं लाकूड त्याच्याकडे पडून होतं. त्याने विचारलं, “बसायला हवंय की चढायला?”

“एका पायाला,” काकू म्हणाल्या.

“एकाच? मग दुसऱ्याने काय पाप केलं?”

“त्याची पाळी नंतर.”

सुताराने मला कापलं, रंधा मारला, कडा घासल्या. फौजदारांनी मला उलटं करून पाहिलं, आत काही लपवलंय का ते बघावं तसं. म्हणाले, “या ठोकळ्याने दुखणं जाणार असतं तर डॉक्टर जंगलात राहिले असते.”

पहिल्या दिवशी काकूंचा पाय माझ्यावर आला तो चोरपावलाने. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझा त्यांच्यावर नव्हता. पण थोड्या वेळाने त्यांनी पाय बदलला, मग पुन्हा बदलला. मध्येच इस्त्री उभी करून त्या दारापर्यंत चालून आल्या. असं रोज चाललं. पाय हळूहळू निवांत होत गेला, ते मला कळत होतं. पायाचं मला सगळं कळतं.

मग एक चांगला दिवस उजाडला आणि घात झाला. काकूंना अजिबात दुखत नव्हतं. एका हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे आले होते. “आज कंबर झोपलीय, तोवर उरकून घेते,” असं म्हणून त्या उभ्या राहिल्या त्या उभ्याच. थांबल्या नाहीत, चालल्या नाहीत. माझ्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना कूससुद्धा बदलता येईना.

“बघ, म्हटलं नव्हतं?” फौजदार म्हणाले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला आत मशीन ठेवायला जागा हवीच होती. फौजदारांनी त्याला सांगून टाकलं, महिनाअखेरीला टेबल काढतो, जागा तुझी. काकू पुन्हा कामाला आल्या तेव्हा त्यांना ते कळलं.

त्या म्हणाल्या, “अहो, टेबल गेलं तर मी दिवसभर करू काय? घरी बसून दुखणं ऐकत बसू?”

“मला काय कळतंय तुझं? काल आडवी, आज उभी. खरं काय मानायचं?”

“दोन्ही,” काकू म्हणाल्या.

पण फौजदारच ते. त्यांना पुरावा हवा होता. एके सकाळी काकू यायच्या आधी त्यांनी मला उचललं आणि पुढच्या टेबलाखाली, हँगरच्या पोत्यामागे सरकवलं. ठोकळ्यावाचून काकू कण्हल्या नाहीत, तर दुखणं खोटं. आणि कण्हल्या, तर टेबल काढलेलंच बरं. म्हणजे काकूंनी काहीही केलं तरी त्या हरायच्याच. संशयी माणसाची परीक्षा अशीच असते, मित्रांनो.

मी पोत्याच्या फटीतून बघत होतो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, त्यांनी कण्हावं. माझ्यावाचून त्यांचं अडतं हे सगळ्यांना कळावं.

काकू आल्या. त्यांनी आपल्या टेबलाखाली पाहिलं, मग फौजदारांकडे पाहिलं. फौजदार खिसे उलटे करण्यात गुंग झाले. काकू बाहेर गेल्या, दार अडवायची वीट घेऊन आल्या, ती पायाखाली घेतली आणि इस्त्री तापवली. एक पाय, मग दुसरा पाय, मग दारापर्यंत फेरी, मग लांब श्वास. गठ्ठ्यामागून गठ्ठा उरकत गेला. मध्ये एकदा कळ आली. त्यांनी डोळे मिटले, टेबलाची कड धरली, श्वास सोडला आणि पाय बदलला. फौजदारांनी ते पाहिलं. त्यांच्या हातातला खिसा तसाच उलटा राहिला. मला वाटतं, कुणी बघत नसताना दुखणं कसं दिसतं, ते त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

दुकान बंद करताना काकू म्हणाल्या, “ठोकळा कुठे लपवलात ते विचारत नाही. उद्या जागेवर ठेवा. विटेचा खडबडीतपणा टोचतो.”

फौजदार बराच वेळ कुलपाशी खुडबुडत होते. मग म्हणाले, “झेरॉक्सवाल्याला नाही म्हणून सांगतो.”

माझा मात्र पोपट झाला. काम तर विटेनेही भागत होतं! औषध मी नव्हतो. औषध होतं ते पाय बदलणं, वेळेवर थांबणं, पुन्हा उभं राहणं. मी फक्त आठवण होतो. हे पचायला मला वेळ लागला.

त्यानंतर खूप वर्षं आम्ही बरोबर काम केलं. दुखणं पूर्ण गेलं असं नाही. काकू म्हणायच्या, “ते म्हणजे जुना भाडेकरू. निघत नाही. पण कुठल्या खोलीत राहायचं ते आता मी ठरवते.” काही दिवस वाईट जायचे. तेव्हा फौजदार न सांगता गठ्ठे उचलून टेबलावर ठेवायचे आणि काकूंचा एकाच पायावर जरा जास्तच वेळ गेला की पुढून ओरडायचे, “अगं, पाय!” गिऱ्हाइकं दचकायची. माझ्या पाठीवर काकूंच्या पावलांनी एक उथळ खळगा पडला, बशीसारखा.

मग काकूंना ताप आला. कंबरेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तो वेगळाच चोर होता आणि तो ओरडा न होऊ देता आला. काकू परत आल्या नाहीत.

दुकान पुष्कळ दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा मी कोपऱ्यात धुळीत पडलो होतो. झेरॉक्सवाला दारात येऊन म्हणाला, “टेबलाचं काय करताय?” फौजदार आत आले आणि त्यांनी स्वतःच इस्त्री तापवली. त्यांच्या कॉलरी वाकड्या बसत. त्यांना उभं राहायची सवय नव्हती. थोड्याच दिवसांत ते कंबरेवर हात ठेवून इकडेतिकडे बघू लागले, कुणी पाहिलं का म्हणून.

मग त्यांनी मला कोपऱ्यातून काढलं, फडक्याने पुसलं, टेबलाखाली ठेवलं. त्यांचा पाय माझ्यावर आला. जड आणि अनोळखी होता. मी जुन्या सवयीने संशय घेतला. थोडा वेळ गेला. पुढून ‘अगं, पाय!’ म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. फौजदार हळूच, स्वतःशीच म्हणाले, “अहो, पाय.” आणि त्यांनी पाय बदलला.

परवा सुतार आला होता. मला बघून म्हणाला, “केवढा खड्डा पडलाय! द्या इकडे, रंधा मारून सरळ करून देतो.”

“हात लावू नकोस,” फौजदार म्हणाले. “आता कुठे माझा पाय तिच्या जागेवर बसायला लागलाय.”

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. घरात कुणी दुखतंय म्हणालं तर पुरावा मागू नका, परीक्षाही घेऊ नका. त्याच्या पायाखाली काहीतरी सरकवा आणि मधूनमधून आठवण करून द्या. मी अजून संशयीच आहे. पाण्याचा संशय येतो, मुंगीचा येतो, झेरॉक्सवाल्याचा तर रोज येतो. पण दुखतंय म्हणणाऱ्याचा संशय घेणं मी सोडलं आहे.