मिठागराची जीभ

"बाबा, जरा फोन टाकीकडे फिरवा ना," अंकिता म्हणाली, आणि कमळाकरांनी फोन छताकडे फिरवला.

"अगो, आताच लाईट गेली बघ. अंधारात काय दिसनार तुला?"

"पंखा तर फिरतोय."

"तो... तो इन्वर्टरवर हाय."

खोटं बोलायलाही सराव लागतो. कमळाकरांना तो नव्हता. घरात इन्व्हर्टर नाही हे सुनेला चांगलंच ठाऊक होतं, कारण तो घ्यायचा की नाही यावरून उन्हाळ्यात तिनंच दोनदा विषय काढला होता. "बरं, जेवलात का?" एवढं विचारून तिनं फोन ठेवला, आणि कमळाकरांनी धोतरानं कपाळ पुसलं.

"दावली काय टाकी?" त्यांच्या बायकोनं, गोदूनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाय."

"बरा केलात. नाय दावाची."

टाकी सुनेची होती. नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटात हॉलची अर्धी भिंत तिनं अडवली होती. खाऱ्या पाण्याची टाकी, दोन नारिंगी मासे, आणि मधोमध खडकावर एक जिवंत प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतला खडा आठवतो. हे तसलं नव्हतं. ते मऊ होतं, चामड्यासारखं, भुईछत्रीच्या आकाराचं, आणि दिवा लागला की छत्रीवर शेकडो इवल्या फुलांचा बहर यायचा. यंदा त्याच्या बुडाशी एक छोटी छत्रीही उगवली होती. अंकिता तिला पिल्लू म्हणायची.

गेल्या वर्षी अंकिताचं पोट पाचव्या महिन्यात रिकामं झालं. तिचा नवरा केतन तेव्हा जहाजावर होता, आताही जहाजावरच आहे. सासूसासऱ्यांपुढे ती रडली नाही. टाकीसमोर स्टुलावर बसून राहायची, तासन् तास. तेव्हा ते प्रवाळ मुठीएवढं होतं. तिच्या डोळ्यांसमोर ते बशीएवढं झालं आणि तीही हळूहळू माणसात आली. आता पुन्हा दिवस भरत आले होते. रीतीप्रमाणे ती बाळंतपणाला पेणला माहेरी गेली, आणि जाताना टाकी सासऱ्याच्या ओटीत घालून गेली.

तिनं सगळं नीट समजावलं होतं. माशांना चिमूटभर खाणं. पाणी उडून खाली गेलं की चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत फिल्टरचं साधं पाणी भरायचं. प्रवाळ काही दिवस मिटून बसलं तर घाबरायचं नाही, ते मधूनमधून कात टाकतं. आणि आठवड्यातून एकदा या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रानं पाण्यातलं मीठ मोजायचं.

बाकी सगळं कमळाकरांनी मान डोलावून ऐकलं. ते यंत्र मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी कपाटात ठेवून दिलं.

त्यालाही कारण होतं. कमळाकर घरत हे गव्हाणच्या मिठागरवाल्याचं पोर. मिठागराच्या पाण्यात मीठ आज बसणार की उद्या, हे त्यांची जीभ सांगायची. बोट बुडवायचं, जिभेच्या टोकावर टेकवायचं, डोळे मिटायचे आणि बोलायचं. शेजारच्या आगरांवरूनही बोलावणी यायची. पुढे जमीन सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, मिठागरं भरावाखाली गेली, पैसे आले, फ्लॅट आला. जीभ तेवढी उरली. अजूनही गावच्या लग्नात आचारी आमटीचा डाव आधी त्यांच्यापुढे धरतो. अशा माणसाला मीठ मोजायला यंत्र? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

अंकिता गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा टाकीत बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. अगदीच फिकं. सूनबाईचा मिठाला हात आखडता, असं मनाशी म्हणत त्यांनी टाकीसाठी आणलेल्या मिठाच्या पिशवीतून एक मूठ विरघळवून घातली. वर कुणाला सांगितलंही नाही. चांगलं काम गुपचूप करावं.

काही दिवसांत प्रवाळ मिटलं. कात टाकतंय, ते म्हणाले. पुन्हा चाखलं, अजून फिकंच. आणखी एक मूठ. मग छत्री खाली लोंबायला लागली. आणखी एक मूठ. मग एका बाजूची कड काळी पडली, तिच्यावर शेंबडासारखा थर आला, आणि पिल्लू आक्रसून हरभऱ्याएवढं झालं. कमळाकरांच्या तोंडचं पाणी पळालं. गोदूनं मीठ-मोहऱ्या घेऊन टाकीची दृष्ट काढली, ती ओवाळताना मासे घाबरून कोपऱ्यात गेले, एवढाच तिचा परिणाम.

"तिला एक अक्षर सांगाचा नाय," गोदूनं बजावलं. "भरल्या पोटाची बाय हाय. गेल्या वक्ताला काय झाला ते तुमाला ठाव हाय. आता यो असा मेला म्हनून कानावर गेला तर ती काय समजेल?"

प्रवाळाचा आणि बाळाचा काय संबंध, असं त्यांची बुद्धी म्हणत होती. पण काळजाला बुद्धी कुठे असते? दिवसातून दहादा ते उठून पिल्लाकडे पाहून यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं, गोदूकडून फोनवर फोटो काढून घेतला आणि स्कूटर जुन्या पनवेलकडे वळवली. तिथे हेतलचं माशांचं दुकान होतं. अंकितानं ते प्रवाळ तिच्याकडूनच घेतलं होतं.

"अंकिताला बोलू नको मी आल्तो म्हनून," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

हेतलनं फोटो मोठा करून पाहिला. "अरे बापरे. काका, लाईट बदलली का? पंप बंद होता का मध्ये? नवीन कुठला मासा टाकला? घरात पेंटिंग, पेस्ट कंट्रोल वगैरे?"

प्रत्येकाला कमळाकर नाही म्हणत गेले. मग तिनं बाटलीतलं पाणी दोन-तीन नळ्यांत ओतून रंग पाहिले. ते ठीक निघाले. शेवटी तिनं तसलंच दुर्बिणीसारखं यंत्र काढलं, काचेवर थेंब सोडला, उजेडाकडे तोंड करून पाहिलं. काच पुसली. परत थेंब सोडला, परत पाहिलं.

"काका, हे टाकीतलंच पाणी आहे ना?"

"मग काय खाडीतला आनलाय?"

"खाडीचं पण इतकं खारट नसतं. खूप जास्त आहे हे."

"तुझा यंत्र बिघडलाय," कमळाकर म्हणाले. "पानी फिका हाय. मी सोता चाखलाय. मूठ मूठ मीठ घातला तरी फिकाच."

हेतलनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. हसू आलं असावं, पण वाद घातला नाही. तिनं स्वतःच्या टाकीतलं पाणी वाटीत काढलं. त्या टाकीत तसलंच एक भुईछत्र फुलून डोलत होतं. "आता हे चाखा."

कमळाकरांनी बोट बुडवलं, जिभेला टेकवलं, डोळे मिटले. "ह्या तर गोडा हाय."

"काका, समुद्राचं पाणी एवढंच खारं असतं. तुम्ही कशाशी कम्पेअर करताय?"

कमळाकरांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांपुढे गव्हाणचं आगर उभं राहिलं. भरतीला दर्याचं पाणी आत घ्यायचं. ते कुणी चाखत नसे, त्यात चाखण्यासारखं काय होतं? ते या कप्प्यातून त्या कप्प्यात सोडायचं, ऊन ते पीत राहायचं, आणि अगदी शेवटच्या कप्प्यात, मीठ बसायला आलं की मग कमळाकरला हाक जायची. त्यांच्या जिभेला बरोबर वाटायचं ते हे पाणी. त्यात कोळंबीसुद्धा जगत नसे. लहानपणी बांधावरून त्यांनीच मेलेली कोळंबी वेचली होती. जन्म दर्याकाठी गेला आणि दर्या कसा लागतो हेच त्यांना माहीत नव्हतं. सुनेच्या टाकीचं त्यांनी मुठीमुठीनं मिठागर केलं होतं.

ते दुकानातल्या स्टुलावर बसले. "म्हनजे मीच मारला."

"मेलं कुठे? काका, इकडे बघा. रोग असता तर मला टेन्शन आलं असतं, रोगाला कधी कधी काही करता येत नाही. हे तर नुसतं मीठ आहे. थोडं पाणी काढायचं, थोडं साधं पाणी घालायचं. पण एकदम नाही हां, रोज थोडंथोडं. घाईनं घातलंत तर आत्ता वाचलंय ते तेव्हा जाईल. आणि ती काळी कड कापून टाका, स्वच्छ ब्लेडनं. नाहीतर सडणं पुढे सरकेल."

"जगेल?"

"चिवट असतं ते. काळजी घेतलीत तर जगेलच."

कमळाकरांनी एवढा लांब श्वास सोडला की काउंटरवरची बिलं हलली. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो असा उतरतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. आपण दोषी ठरलो याचं वाईट वाटायला हवं होतं. पण दृष्ट नाही, अपशकुन नाही, फक्त एका अतिशहाण्या म्हाताऱ्याचं मीठ! त्यांना दुकानातच हसू फुटलं आणि हेतललाही.

घरी येऊन त्यांनी कपाटातलं यंत्र काढलं. गोदूनं टॉर्च धरला, त्यांनी हात टाकीत घालून काळी कड कापली. छत्रीचा चतकोर गेला. चतकोर म्हणजे थोडा नव्हे, अंकितानं वर्षभर वाढवलेला. त्यानंतर रोज सकाळी ते खिडकीत उभे राहून, एक डोळा मिटून, मीठ मोजू लागले.

प्रवाळ अजून मिटलेलंच होतं तेव्हा अंकिताचा पुन्हा फोन आला. "बाबा, टाकी दाखवता?"

गोदूनं समोरून हातानं नाही नाही केलं. कमळाकरांनी तिच्याकडे पाहिलं, फोनमधल्या सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांनी फोन टाकीकडे फिरवला.

"बघ. मी केलाय ह्यो. यंत्र कपाटात ठेवला आनि जिभेनं मीठ घातला. एक कड कापाया लागली. बाकीचा हाय, पन अजून उघडला नाय."

पलीकडून हुंदका आला. गोदूनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे जिवंत आहे?" अंकितानं विचारलं.

"हाय गो. हेतलनं सांगितलाय, जगेल."

"मला वाटलं गेलं ते. तुम्ही रोज पंखाच दाखवायचात. मला वाटलं, गेलंय आणि तुम्ही दोघं लपवताय. रात्री बाळ थोडा वेळ हललं नाही तरी मी उठून बसायचे, बाबा. झोपच नाही." ती रडता रडता थांबली. "मुठीनं घातलंत मीठ? ती काय आमटी आहे?"

गोदूनं फोन ओढून घेतला. "मीच बोलली व्हती नको सांगू म्हनून. त्यांना नको बोलूस."

"आई, तुम्ही पण ना," अंकिता म्हणाली, आणि नाक पुसत हसली.

त्यानंतरच्या एका सकाळी टाकीतला दिवा आपोआप लागला तेव्हा कमळाकर समोरच होते. आधी पिल्लू फुगलं. मग त्यावर टाचणीच्या डोक्याएवढी चार फुलं आली. मग मोठ्या छत्रीवर, कापलेल्या जागेपासून दूरच्या बाजूला, एकेक करून फुलं बाहेर आली. कापलेली बाजू तशीच बोडकी राहिली.

त्यांनी घाईघाईनं पेणला फोन लावला. विहीणबाईंनी उचलला.

"झोपलीय हो अजून. बऱ्याच दिवसांनी अशी गाढ झोपलीय. उठवू का?"

"नको, नको. झोपू द्या. काय काम नाय. असाच केला व्हता."

फोन ठेवून ते अंकिताच्या स्टुलावर बसले. गोदू चहा घेऊन आली. तिनं टाकीत पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तिला दावला?"

"झोपलीय."

गोदूनं मान हलवली. चहाचा कप त्यांच्या हातात दिला, आणि स्वतःला बसायला जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणली. ती फरशीवरून ओढली की करकरते, म्हणून दोन्ही हातांनी उचलून आणली.