कडेचांदणी

भाद्रपद सरत आला होता. धुकं कड्याच्या कुशीतून सावकाश वर चढत होतं. आणि त्या शुभ्र, शांत, सुस्तावलेल्या धुक्यात काळ्या कपारीला कडेचांदणी फुलली होती. नीलवर्णी, पंचदल, नतमुखी. सपाटीवर रुजायची नाही, परसात जगायची नाही. हिला आपला कडाच हवा! अशी मानिनी.

कड्यावरच्या वाडीत लेकीचं बारसं या फुलाशिवाय होत नाही. बापानं दोरानं कडा उतरायचा, फूल आणून पाळण्याला बांधायचं. आणि वर दोर धरायचा तो बाळाच्या मामानं. खालच्यानं त्याला नावानं हाक मारायची, मगच त्यानं ओढायचं.

पण ठमाचा नवरा होना आणि तिचा भाऊ कुशाबा यांचं शेताच्या बांधावरून बिनसलेलं. एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. "त्याच्या दारात जायचा नाही मी," म्हणत होनानं दोर उंबराला बांधला आणि एकटाच उतरला. एवढा कसला मेला हट्ट! तान्ही लेक छातीशी धरून ठमा कड्यावर उभी होती. जीव नुसता टांगणीला लागला होता.

होना धुक्यात दिसेनासा झाला. दोर खडकाच्या धारेवर घासत होता, करकरत होता, झिजत होता. त्याचा एक पीळ तुटला. मग दुसरा. 

"बाजूला हो, ठमे."

मागं कुशाबा. पहाटेपासून कारवीच्या झुडपाआडून बघत होता म्हणे! त्यानं आपला दोर कमरेला बांधला, टाचा खडकात रोवल्या आणि दुसरं टोक धुक्यात सोडलं. 

खाली शांतता. धुकं शांत, वारा शांत, कडा शांत. दुसरा दोर पाहून होनाला वर कोण आलंय ते कळलं होतं. हाक तेवढी फुटत नव्हती. 'मार की रे हाक,' ठमा मनातल्या मनात विनवत होती. 'माझ्यासाठी नको, हिच्यासाठी मार.'

आणि धुक्याच्या तळातून, अडखळत, आवाज वर आला.

"कुशाबा... ओढ रे बाबा!"

"ओढतो, दाजी, ओढतो!" कुशाबाला रडूच फुटलं.

कुशाबाचा दोर कमरेला बांधून होना वर आला. कोपरं सोललेली, दातांत देठ, देठावर निळं, दवभिजलं फूल. ठमानं ते घेतलं आणि लेकीच्या दुपट्यात खोचलं. दोघे पुरुष धापा टाकत गवतावर बसले. एकच दोर, दोन कंबरा. आणि गाठ सोडायची घाई दोघांपैकी एकालाही नव्हती.