किशोरीचं बिऱ्हाड

आमच्या आचऱ्याच्या सड्यावर, वरच्या माळावर, प्राणिसंग्रहालय झालं आणि मला वाघिणीकडे नोकरी लागली. वाघिणीचं नाव किशोरी. मी तिला जेवण घालते, पिंजरा धुते, ती माझ्यावर गुरगुरते. घरी याहून जास्त गुरगुर चालते, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही.

किशोरीला पिल्लं व्हावीत म्हणून यंदा लांबून दर्या नावाचा वाघ आणला. आमची डॉक्टर तेजस्वी घाटावरची, पोरगेलीच, पण हुशार. तिने समजावलं, "वाघ एकटा राहणारा प्राणी. दोघांचे पिंजरे शेजारी, मध्ये जाळी आणि वरून खाली पडणारा दरवाजा. आधी वास घेऊ देत. ती माजावर आली, जाळीला अंग घासायला लागली, की दरवाजा उघडायचा. चार दिवसांत तिला कंटाळा आला, की पुन्हा वेगळे."

"मगे चाकरमानी आसा म्हणान सांगा ना!" मी म्हटलं. तिला काही कळेना. अगो, माझा घोव धनेश जन्मभर मुंबईला नोकरीला. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, सोलकढी ओरपून परत जायचा. माझी दोन्ही पोरं जेठ महिन्यातली. गणपतीपासून महिने मोजा म्हणजे कळेल.

पण यंदा चैत्रात हा निवृत्त होऊन कायमचा घरी आला. शिरा पडो त्या निवृत्तीवर! सकाळपासून माझ्या चुलीपाशी. "सोलां कमी घाल." "नारळ इतको कित्याक?" माझी विळी उचलून फडताळावर ठेवली, कारण मुंबईत म्हणे सगळं वर ठेवतात. नवरा मला हवा होता, देवाशपथ हवा होता. पण तो घरात असला की जीव गुदमरायचा, आणि काही बोलले तर रुसून कायमचा जाईल अशी भीतीही वाटायची.

त्यात त्याला दर्याचा कळवळा. माझा डबा घेऊन यायचा आणि जाळीपाशी बसून राहायचा. किशोरी आणि दर्याचं जमलं, चार दिवस मजेत गेले, मग ती फिसकारायला लागली. डॉक्टरने दोघांना वेगळं करून दरवाजा पाडला. धनेश पेटला.

"घोव-बायलेत दरवाजो? ह्यो खंयचो न्याय?"

तेवढ्यावर थांबेल तर तो धनेश कसला! गाव गोळा करून देवळात गेला, नारळ ठेवला आणि गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. "बा देवा म्हाराजा, दर्याचो नि किशोरीचो संसार एका छपराखाली सुखान होवंदे. कोण आड येत असात तर तेका वाटेक लाव रे म्हाराजा!" सगळा गाव ओरडला, "होय म्हाराजा!" आमचे मोठे साहेब इथलेच, तेही त्यात ओरडले. आता देवासमोर होय म्हटल्यावर माणूस फिरणार कसा? डॉक्टर नको नको म्हणत राहिली, साहेबांनी दरवाजा उघडायला लावला.

दर्या रुबाबात आत शिरला आणि थेट किशोरीच्या निजायच्या फळीवर लवंडला. बाई उठली. एका फटक्यात त्याचा कान फाटला, दुसरा फटका नाकावर. रक्त बघून मी पाइप घेतला आणि दोघांच्या मध्ये पाण्याचा झोत मारला. डॉक्टर पत्र्याचा डबा बडवत होती. दर्या कसाबसा आपल्या पिंजऱ्यात पळाला तसा मी दरवाजा पाडला. मोठे साहेब तोवर कुठे गेले देव जाणे.

धनेश पांढराफटक पडला होता. "तिना जीवच घेतल्यान असतो तेचो! तेणा केल्यान काय? नुसतो निजलो!"

"तिच्या जागेर निजलो," मी म्हटलं.

तो मग हळूच म्हणाला, "माका पण असोच फटको मारतलंस?"

माझं तोंड सुटलं. "तू नव्हतस तेव्हा रडान रडान उशी भिजवलंय. आता आसस तर रडाक कोपरो गावणा नाय. माका तुका सोडूचा नाय. पण माझी चूल माका परत दी!" हे सगळं डॉक्टरसमोर. ती बिचारी उगीचच पाइप गुंडाळायला लागली.

धनेशने घरी जाऊन गादी गुंडाळली, ट्रंक उचलली. मला वाटलं, चालला मुंबईला. पण तो खाली बागेतल्या मांगरात गेला. आंब्याच्या राखणीला बांधलेली आमचीच झोपडी ती.

मग मी बांगड्याचं तिखलं मनासारखं केलं, सोलं हवी तेवढी घातली. एक घास घशाखाली उतरेल तर शपथ.

दिवेलागणीला अंगणात चाहूल लागली. धनेश उभा होता, न्हालेला, केस चापून बसवलेले. "गो, घरात येव काय?"

लग्न झाल्यापासून असं कधी विचारलं नव्हतं मेल्याने. "रव थंय. बगतंय," म्हटलं, आणि आत धावत जाऊन आरशात केस सारखे केले, बरी साडी नेसले, मगच कडी काढली.