औषधवाल्याची काच

मी काचेचा तुकडा बोलतोय. हसू नका. तळहाताएवढा आहे, पण एकेकाळी पडद्यावर भिंतीएवढा दिसायचो आणि माझ्यासमोर चारशे माणसं बसायची. बघायची मात्र नाहीत.

मी थिएटरातली जाहिरातीची स्लाइड. त्या काळी पिक्चर सुरू व्हायच्या आधी गावातल्या दुकानांच्या काचा एकामागून एक पडद्यावर यायच्या. शिंपी, सायकलवाला, घड्याळजी, चपलांचं दुकान. गावच्या पेंटरने मला काळा रंग फासला आणि सुईने कोरून अक्षरं काढली. वर औषधवाल्याच्या दुकानाचं नाव, खाली ‘खात्रीची औषधे, प्रेमळ सेवा’. प्रेमळ कसला! गिऱ्हाइकाने दोनदा विचारलं की खेकसायचा. पण औषध चोख द्यायचा.

आम्ही पडद्यावर आलो की लोक काय करायचे? शेंगा सोलायचे. भांडायचे. जागा धरायचे. चपला शोधायचे. दुकानाचं नाव दिसलं की मान फिरवायची, ही त्यांना सवयच लागलेली. त्या सवयीने एक दिवस एका पोरीचा जीव जात होता.

बहात्तर-त्र्याहत्तर सालची गोष्ट. औषधवाला तेव्हा औषधं दुकानातच कालवायचा. गिऱ्हाइकाने घरून रिकामी बाटली आणायची. हा तीत औषध भरायचा आणि कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. त्या दुपारी टेबलावर एकसारख्या दोन बाटल्या होत्या. एकीत खोकल्याचं पाक घातलेलं औषध. दुसरीत गुडघ्याला चोळायचं जहर तेल, लोहारासाठी. पट्टी चिकटवताना कोणाशी तरी हुज्जत घालत होता आणि ती लागली भलत्याच बाटलीला.

एक बाई सासूबरोबर तीनच्या खेळाला निघाली होती. कडेवर दोन वर्षांची पोरगी, खोकून बेजार. बाईने बाटली घेतली.

“कधी पाजू, भाऊ?”

“मध्यंतरात एक खाच पाजा. आणि पिक्चर बघण्यापेक्षा तिला घरी निजवा!”

“तुम्ही औषध द्या, शहाणपण नको,” म्हणून सासू सुनेला ओढून घेऊन गेली.

तासाभराने लोहार लंगडत आला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर.

“काय रे, हे काय चोळायला दिलंस? गुडघा नुसता चिकचिकतोय. मुंग्या लागल्या ना पायाला!”

औषधवाल्याने त्याच्या हातातली बाटली हुंगली, तर खोकल्याच्या औषधाचा वास. मग काउंटरवरून उडी मारून पळाला. दुकान उघडं, गल्ला उघडा, लोहार तसाच उभा.

थिएटर चार दुकानं सोडून. दारावरच्या माणसाने आडवा हात घातला. “तिकीट?”

“अरे, आत पोरगी मरेल!”

तो आत घुसला आणि अंधारात ओरडला. पडद्यावर मारामारी चाललेली. पब्लिक शिट्ट्या मारत होतं. “ए, खाली बस!” एकाने त्याचा सदरा धरून त्याला बाहेर ढकललं. बाई कुठे बसलीय ते ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही. मध्यंतराला राहिली बारा मिनिटं.

मॅनेजर म्हणाला, “दिवे लावणार नाही. मागच्या आठवड्यात पिक्चर बंद पडला तर लोकांनी तीस खुर्च्या मोडल्या. मध्यंतरात बघू.”

“मध्यंतरातच पाजणार आहे ती! मीच सांगितलंय!”

हे मला वर मशीनच्या खोलीत ऐकू येत होतं, कारण दोघं भांडत भांडत लोखंडी शिडी चढले. ऑपरेटर म्हातारा होता, विडी विझवून म्हणाला, “काचेवर लिहून लावतो. ओरडून कोणाचं ऐकलंय या गावाने?” निरोपासाठी कोरी काच ठेवलेली असायची. बघतो तर तडकलेली. त्याने खोक्यात हात घातला आणि मला काढलं.

माझ्या खालच्या ओळींवर त्याने रिळांच्या डब्यांवर आकडे टाकायचा काळा रंग फासला. दाभण औषधवाल्याच्या हातात दिलं. मॅनेजरने कानाशी येऊन सांगितलं, “वरचं नावही रंगव की, शहाण्या. कोण चुकलं ते कशाला कळायला हवं? चारशे माणसं आहेत खाली. उद्या दुकानाला कुलूप लागेल.”

औषधवाल्याचा हात थांबला. हॉलमधली निम्मी माणसं त्याची गिऱ्हाइकं होती.

“नाव नसलं तर तिला कळणार कसं, कोणाचं औषध ते?” तो म्हणाला आणि ओल्या रंगात खरडायला लागला. खोकल्याचं औषध पाजू नका. विष आहे. चूक माझी.

मला दाबून दिव्यापुढे उलटं खुपसलं. आम्हाला उलटंच घालतात, पडद्यावर सुलटं दिसतं. ऑपरेटरने पिक्चर थांबवला.

माझ्या अक्षरांतून आलेल्या उजेडाने हॉल उजळला आणि बोंब उठली. “ए, पिक्चर लाव!” “भर मारामारीत जाहिरात लावतो काय रे!” दुकानाचं नाव वर दिसलं ना, मग झालं. सगळ्यांच्या माना फिरल्या. उजेडात मला ती बाई दिसली. पुढून चौथी रांग. सासू काहीतरी म्हणाली. नंतर कळलं ते असं, “उजेड आहे तोवर पाज, अंधारात सांडशील.” बाईने बूच काढलं.

माझ्याच उजेडात काढलं! मी काच, मला ओरडता येत नाही. वास उग्र होता, पण औषधाला वास असायचाच; तिने चमचा भरला. पोरगी तोंड फिरवत होती, सासूने तिची हनुवटी धरली.

प्रत्येक खेळाला एखादा नवा वाचायला शिकलेला माणूस असतोच. दिसेल ते मोठ्याने वाचतो आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खातो. त्या दिवशी तो एक हमाल होता, पहिल्या रांगेत. अक्षराला अक्षर जोडत त्याने सुरू केलं. “खो... क... खोकल्याचं... औ... औषध...”

“अरे, गप बस!”

“...पा... पाजू... नका.” तो थांबला. मग ताडकन उठून मागे वळून ओरडला, “अहो, विष आहे म्हणतोय तो! विष!”

चारशे माना पडद्याकडे वळल्या. बाईने हमालाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग चमच्याकडे. चमचा पोरीच्या ओठाला टेकलेला. तिने तो असा भिरकावला की दोन रांगा पुढच्या टकलावर पडला. बाटली फुटली. तेलाचा झणझणीत वास वर आमच्या खोलीपर्यंत आला. औषधवाला शिडी उतरायला लागला.

खालून बाई आली. रडली नाही, मारलं नाही. दुकानात जाऊन त्याने नवी बाटली भरली तेव्हा एवढंच म्हणाली, “आधी तुम्ही घोट घ्या.” त्याने घेतला.

मग सगळंच गाव तसं म्हणायला लागलं. जे यायचे ते. निम्मे पलीकडच्या दुकानाला लागले ते परत आलेच नाहीत. हा बिचारा खोकला नसताना जन्मभर खोकल्याचं औषध प्यायला. मला त्याने थिएटरातून मागून आणलं आणि बाटल्यांच्या फळीवर ठेवलं, पट्टी चिकटवताना नजर पडेल असं.

आता तो नाही. थिएटर पाडलं. त्याच्या मुलाने दुकान मोठं केलंय, थंडगार, काचेच्या दाराचं. भिंतीवर जुन्या वस्तू लावायचं खूळ शिरलंय त्याच्या डोक्यात. “काय ते दिवस होते!” असं गिऱ्हाइकांना सांगतो. तेव्हा हा पाळण्यातही नव्हता.

आज फ्रेमवाल्याला बोलावलंय. मला टेबलावर आडवं घातलंय.

“खालचं काय आहे हो, साहेब?”

“ते काप. बरं दिसत नाही. वरचं नाव तेवढं राहू दे.”

बाबा रे, तुझी काच कापायची हिरकणी अजून माझ्या अंगाला लागली नाही, तोवर ऐक. कापायचंच असेल तर वरचं काप. ते पेंटरने लिहिलंय, त्याने शिंप्याचंही तसंच लिहिलं होतं. खालची तीन वाक्यं याच्या बापाच्या हातची आहेत. अक्षर वाकडं आहे, कारण हात कापत होता. तरी त्याने पुरं केलं.