पिठीसाखरेसारखी वाळू

"अरे, ही वाळू आणलीस की पिठीसाखर?" एमेट झेलेंका खुर्चीतूनच खेकसला. "पंप सुरू केला की उडेल सगळी. मी पोवळ्याची जाड खडी सांगितली होती."

ट्रॅव्हिसने पिशवी माशांच्या टाकीशेजारी ठेवली. "खडीच्या फटींत माशांचं उरलेलं खाणं जाऊन कुजतं. तळाशी काळं झालंय ते त्यानंच. दुकानातल्या बाईंनी सांगितलं."

"तिला माल खपवायचा असेल."

"बाबा, पुरे," स्वयंपाकघरातून कोरीनचा आवाज आला. "तो सुट्टी टाकून आलाय तुझ्यासाठी."

एमेटने हाताची घडी सोडली नाही. पार्मा गावातल्या निम्म्या तळघरांत त्याने आयुष्यभर घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या होत्या. भर थंडीत लोक त्याची वाट बघत. आता हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी छाती उघडून शिवलेली होती आणि दुधाच्या चार लिटरच्या कॅनपेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खोकला आला की छातीशी धरायला इस्पितळाने लाल उशी दिली होती. ती मांडीवर घेऊन तो बसायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

तो इस्पितळात असताना खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे बघणारं कुणी नव्हतं. घरी आला तेव्हा खोलीत सडक्या अंड्यांसारखा वास होता आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. त्यांत ती नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची म्हातारी मासळीही होती. कोरीन कॉलेजला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा त्याने ती आणली होती. तळ बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि बादली उचलायला फक्त जावई ट्रॅव्हिस होता. पाव पोचवणारी गाडी चालवणाऱ्या या माणसाला एमेटने आजवर घरातला दिवासुद्धा बदलू दिला नव्हता.

ट्रॅव्हिसने बाह्या सारल्या, पंप बंद केला आणि जाड नळी तळाशी नेली. काळी खडी पाण्याबरोबर बादलीत येऊ लागली.

"एका बाजूनं घे. सगळा तळ एकदम उकरू नकोस."

"हो."

"हो म्हणतोस आणि मधे काय घालतोस नळी?"

तेवढ्यात कोपऱ्यातला थर फुटला. काळा ढग वर आला, वास खोलीभर पसरला. नारिंगी मासळी एकदा गोल फिरली आणि कुशीवर कलंडली.

एमेट ताडकन उठला आणि त्याने भरलेल्या बादलीच्या कडीला हात घातला.

"बसा खाली!" ट्रॅव्हिस ओरडला. "टाके उसवून घ्यायचेत का?"

या घरात एमेटवर आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. तो बसला. उशी घट्ट धरली.

ट्रॅव्हिसने सोफ्यामागून दुसरी बादली ओढली. तिच्यात ताजं खारं पाणी होतं, हवेचे बुडबुडे सुटत होते. त्याने जाळीने मासळी अलगद उचलून तिच्यात सोडली, मग बाकीचे मासे.

"हे कधी केलंस?" एमेटने विचारलं.

"काल येऊन ठेवलं. तुम्ही झोपला होतात. म्हटलं, लागली तर असावी."

काळा तळ निघाला. ट्रॅव्हिसने नवी वाळू अंगणातल्या नळाखाली पाणी नितळ येईपर्यंत धुतली आणि नळकांड्यातून थेट तळावर सोडली. उपयोगी जीवाणू नव्या वाळूत यावेत म्हणून चांगल्या भागातली मूठभर जुनी खडी त्याने वर पसरली, तेव्हा एमेटने मान डोलावली. टाकीत ताजं खारं पाणी चढलं, पण ते दुधासारखं पांढरं झालं होतं. मासे बादलीतच ठेवून कोरीन आणि ट्रॅव्हिस मुक्कामाला राहिले.

सकाळी एमेट बाहेर आला, तर टाकीसमोर ट्रॅव्हिस उकिडवा बसलेला. पाणी नितळ झालं होतं. तळावर फिकट, बारीक वाळू सपाट पसरली होती. पंप चालू होता आणि ती उडत नव्हती. सगळे मासे त्याने पुन्हा टाकीत सोडले होते आणि नारिंगी मासळी सरळ पोहत होती.

"उठल्यावर थेंब टाकून पाणी तपासलं," ट्रॅव्हिसने काचेची कुपी वर धरली. "पिवळं आलं. हिरवं असतं तर विष होतं ना?"

"हो." एमेटने कुपी उजेडात धरली. मग त्याचा श्वास असा सुटला की कोरीन हातातली कॉफी ठेवून धावत आली.

"दुखतंय का, बाबा?"

"नाही गं." तो हसत होता, डोळे पुसत होता. "बरं वाटतंय. फार बरं वाटतंय."

तो हळूच खाली टेकला आणि त्याने टाकीवरचा खाण्याचा डबा काढला. चिमूट पाण्यावर नेली, पण सोडली नाही. हात मागे घेऊन ती ट्रॅव्हिसच्या तळव्यावर ठेवली.

"घाल. थोडं थोडं. घाई केलीस तर घाबरते ती."

ट्रॅव्हिसने ओल्या बोटांनी एक कण सोडला. मासळी वर आली.

एमेटने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो नुसतं बघत राहिला.