रीसेटची तार

आईने भिंतीतला प्लग उपसला, जरा थांबली आणि पुन्हा खुपसला. बाबांच्या उशाशी ठेवलेलं यंत्र लांबलचक पीऽऽ करून जागं झालं. आई कपाळ पुसत खुर्चीत टेकली.

"सकाळपासून कितव्यांदा?" ऑफिसला निघालेल्या मुलीने विचारलं.

"मोजायचं सोडलंय मी. तुमच्याच कंपनीचं ना गं हे? मग शहाण्यासारखं का नाही वागत?"

मुलीकडे उत्तर होतं, पण ते दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. बाबांच्या बोटाला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. मोजणारी चिप मधूनच बधिर व्हायची, आकडे गोठायचे आणि यंत्र बोंब ठोकायचं. बाबांचा श्वास खरोखर अडला की चिप रुसली, हे धावत जाऊन पाहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यामुळे बाबांना पक्षाघात झाल्यापासून आईच्या डोळ्याला डोळा नव्हता. मदतीला ठेवलेल्या बाईला तिने आठवड्यात वाटेला लावलं. तिला म्हणे बाबांची कूस नीट बदलता येत नव्हती. हल्ली आई घरातल्या घरातही भिंत धरून चालायची. एक दिवस हीच आडवी पडेल, याची मुलीला धास्ती होती.

ऑफिसात तसलंच एक यंत्र उघडंवाघडं होऊन तिच्या टेबलावर पडलेलं असे. रुसलेल्या चिपला उठवायची सोय बोर्डवर आधीपासूनच होती. रीसेटची एक बारीकशी तार; ती क्षणभर खाली ओढून सोडली की चिप नव्याने सुरू. पण सगळं यंत्र चालवणाऱ्या कर्नल नावाच्या मुख्य प्रणालीतल्या ड्रायव्हरला, म्हणजे त्या चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला, या तारेचा पत्ताच नव्हता. ज्याने तो लिहिला तो कधीच नोकरी सोडून गेलेला, आणि हे भिजत पडलेलं घोंगडं तिच्या गळ्यात आलं होतं.

तिने ते संपवलं. आकडे गोठले की तार ओढायची, सोडायची, आणि चिपला पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवायचं. तिचं काम तपासायला बसणाऱ्या वयस्कर सहकाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"ही तार तुझ्या एकटीची आहे का गं?"

"मागितली, मिळाली. दुसऱ्या कोणा ड्रायव्हरकडे असती तर कर्नलने नाही म्हटलं असतं."

"आणि दुसऱ्याने कधी मागितलीच नसेल तर? नव्या बोर्डाचा नकाशा बघ. तोवर मी हे कंपनीच्या यंत्रांत जाऊ देणार नाही."

"सुट्टीनंतर बघते," ती म्हणाली आणि जांभई ओठांआड दाबली. टेबलावरचं बोर्ड जुनं होतं आणि त्यावर सगळं सुरळीत चालत होतं. शंका काढल्याशिवाय मास्तरांना चहा पचत नाही, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. संध्याकाळी तिने तो ड्रायव्हर घरच्या यंत्रात भरला. बाबांचा चिमटा काढून पाहिला, तर यंत्र कडाडून वाजलं. लावला, तर गप्प. तिचं समाधान झालं.

सुट्टीच्या दुपारी आई बाबांच्या खोलीतल्या कोचावर लवंडली.

"सकाळपासून चकार शब्द नाही हो त्याचा," ती बाबांना म्हणाली. "पोरीने पार सरळ केलंय बघा."

बाबांच्या चांगल्या बाजूचा ओठ हलला. आई बोलता बोलता घोरायलाच लागली. किती दिवसांनी! मुलीला भरून आलं. ती नेलकटर घेऊन बाबांच्या शेजारी बसली.

नख कापायला तिने बोटाचा चिमटा काढला आणि दुसरा हात सवयीने यंत्राला गप्प करायच्या बटणाकडे नेला. पण गप्प करायला काही नव्हतंच. पडद्यावर आकड्यांच्या जागी लाल रेघा आल्या होत्या. आवाज नव्हता.

तिने चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. काढल्यावरही यंत्र वाजलं नाही.

सकाळी केव्हातरी चिप रुसली असणार आणि ड्रायव्हरने तार ओढली असणार. घरच्या यंत्रातल्या नव्या बोर्डावर आवाजाची चिपही त्याच तारेला बांधलेली असली पाहिजे, दुसरं काही असूच शकत नव्हतं. एकीला उठवताना दुसरीची पाटी कोरी झाली, आणि तिला पुन्हा शिकवायला कोणी आलंच नाही. मास्तर हेच तर विचारत होते. सकाळपासून आई एका मुक्या यंत्राच्या भरवशावर निर्धास्त होती. मधल्या वेळात बाबांचा श्वास अडला असता तर? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

फोन काढून तिने मास्तरांना कळवलं, "तार सामाईक आहे. माझं चुकलं."

घरापुरता उपाय हाताशीच होता. जुना ड्रायव्हर परत भरायचा, नाहीतर निदान प्लग उपसून खुपसायचा. आवाज लगेच परत आला असता. आणि सुरू होतानाची ती लांबलचक पीऽऽसुद्धा. तिने वाकून प्लगला हात घातला. कोचावर आईचं तोंड किंचित उघडं होतं, एका पायातली सपात अजून तशीच होती.

तिने हात मागे घेतला. खुर्ची सरकवली तर आवाज होईल म्हणून ती उचलून यंत्रासमोर ठेवली आणि आकड्यांवर नजर रोवून बसली. तिचे डोळे चुरचुरत होते. बाबा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि चांगल्या हाताने चादर हलकेच थोपटली.

ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं तरी ती तशीच बसून होती. आईने डोळे न उघडताच विचारलं,

"वाजलं का गं?"

"नाही वाजलं," ती म्हणाली. "झोप तू."