वॉचमनचं स्टूल

“आजी, तुमचा मुलगा म्हणजे... आता आपल्यात...”

“आपल्यात काय? जेवायला येनार हाय का न्हाई, तेवढं सांग.”

वर्ग फिस्सकन हसला. धम्मदीप दारापाशीच उभा होता, एक हात कडीवर. जया मॅडम म्हणाल्या, “पळायच्या तयारीतच आलास की रे! आधी समोर बस. मग ‘वारला’ असं स्पष्ट म्हण. आणि म्हटल्यावर लगेच उठू नकोस.”

मेडिकल कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मरणाची बातमी द्यायला शिकवायचा हा मॅडमचा तास. मुलं डॉक्टर व्हायची आणि मी अपघातात पोर दगावलेली आई. जन्मभर मंडईत भाजी विकलेली मी, रडणं काय, भांडणं काय, मला हुकमी यायचं. धम्मदीपला मात्र जमेना. पुन्हा पुन्हा बसला आणि दर वेळी अर्ध्या शब्दावरच उठला. शेवटी म्हणाला, “मॅडम, मला हे कधीच जमणार नाही.”

“जमंल रं,” मी म्हटलं. “मी कुठं पळून चाललीय? पुढच्या तासाला पोर परत मारू.”

मॅडमनाही हसू आवरेना. “इंदुबाई, तुम्ही पण ना!”

आम्हाला मूलबाळ नाही. घरी आमचे हे, नागोराव, चिडवायचे, “नसलेलं पोर मारतीस, अन् वर चहाबिस्कीट खाऊन येतीस.”

पुढच्या वर्षी नागोरावांचं हृदय थकलं. वारज्याच्या घरून रिक्षाने त्यांना त्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं. धम्मदीप आता तिथे इंटर्न होता. मी ओळख करून दिली, तर हे म्हणाले, “मेल्याचं सांगता येत न्हाई, तो ह्योच का? मग मला काय बी भ्याव न्हाई.”

धम्मदीप हसला, पण त्याचे कान लाल झाले.

दोन दिवसांनी त्यांना आयसीयूत हलवलं. मी बाहेर बाकावर बसून होते. दुपारी धम्मदीप बाहेर आला. बाक माणसांनी भरलेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वॉचमनचं रिकामं स्टूल ओढत आणलं आणि माझ्या समोर बसला.

तेव्हाच मला कळलं. “समजलं रं, जा,” असं म्हणून त्याला सोडवता आलं असतं. नाही सोडवलं. हात मांडीवर ठेवले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

“आजी,” तो म्हणाला, “आजोबा वारले. आत्ताच. मी त्यांच्याजवळ होतो.”

आवाज कापला, पण शब्द पुरा आला.

मी मान हलवली. वर्गात हुकमी रडू यायचं, तेव्हा मात्र डोळ्यांत थेंब येईना. त्याच्या खिशातला फोन वाजला. थांबला, पुन्हा वाजला. तो उठला नाही.

थोड्या वेळाने वॉचमन स्टूल घ्यायला आला. आमच्याकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.